लो बीपी: डॉक्टरांना आकडा नको, उभं राहिल्यावर काय होतं ते दाखवा

तुम्ही लिहिलंय की बीपी कायम ९०/६० च्या आसपास असतं, अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, रांगेत पाच-दहा मिनिटं उभं राहिलं की हातपाय गळतात, आणि दोन डॉक्टरांनी "लो बीपी चांगलंच असतं, हाय नाही ना" म्हणून परत पाठवलं. मी हे दुखणं कॉलेजच्या वयापासून अंगावर वागवतेय आणि हेच वाक्य पुष्कळदा ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. ९०/६० वर आयुष्यभर ठणठणीत राहणारी माणसं असतात आणि त्यांना कुठल्याही औषधाची गरज नसते. त्यामुळे नुसता आकडा सांगितला की डॉक्टरांच्या मनात तीच माणसं येतात आणि विषय संपतो. तुमची तक्रार आकड्याची नाहीच, उभं राहण्याची आहे. आपण उभं राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जाऊन आणि हृदयाचे ठोके वाढून ते सावरलं जायला हवं. ते नीट झालं नाही की मेंदूला रक्त कमी पडतं, आणि घेरी येते. दवाखान्यात मात्र आपण बराच वेळ बसून असतो आणि बीपीही बसूनच मोजलं जातं. मग जे घडतं ते दिसणार कसं?

म्हणून घरी मोजा. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या. पट्टा दंडाच्या मानाने मोठा असेल तर आकडा खोटा कमी येतो, तेवढं बघा. पाच मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी लिहा. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा लिहा. शेजारी कोणीतरी हवंच, आणि गरगरलं तर हट्ट न करता खाली बसा. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन. बीपी टिकलं, पण दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली (१२ ते १९ वयात ४०), तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिलं की नाडी अतोनात वाढण्याच्या दुखण्याचा, विचार करावा लागतो. ते वेगळं दुखणं आहे आणि "टेन्शन घेता" या शेऱ्याखाली ते हमखास दबतं. आठवडाभर सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर तास-दीड तासाने नोंदी ठेवा. वयस्क माणसांचं बीपी जेवणानंतर उतरतं, हे घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

डॉक्टरांसमोर तो कागद आधी ठेवा, बोलणं नंतर. "अशक्तपणा वाटतो" म्हणू नका, कारण तो जवळपास प्रत्येक पेशंटला वाटतो. "आंघोळ करताना भिंत धरावी लागते", "गेल्या महिन्यात जिन्यात पडले", असं बोला. मग सरळ विचारा, "मला झोपवून आणि उभं करून बीपी मोजाल का?" तरीही टाळलं तर नम्रपणे विचारा की कोणकोणती कारणं तपासून बाजूला ठेवलीत, आणि ते केसपेपरवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की माणूस पुन्हा विचार करतो, हा माझा अनुभव आहे. तुम्हाला पांढरंफटक पडताना पाहिलेलं घरातलं कोणी सोबत असेल तर फार फरक पडतो.

कारणांत सगळ्यात आधी चालू गोळ्यांची यादी दाखवा. लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या, नैराश्याच्या, पार्किन्सनच्या काही गोळ्या बीपी उतरवतात. पण स्वतःहून एकही बंद करू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, साखर, थायरॉइड, सोडियम-पोटॅशियम आणि ईसीजी या साध्या तपासण्या आहेत. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. वजन उतरतंय, मीठ खावंसं वाटतंय, त्वचा किंवा हिरड्या काळवंडताहेत, अशी लक्षणं जोडीला असतील तर सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉल या संप्रेरकाची (हार्मोनची) रक्त तपासणी मागाच. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी हे संप्रेरक पुरेसं बनवत नाहीत तो ॲडिसन हा आजार विरळा आहे, पण न ओळखता राहिला तर जिवावर बेततो, आणि ओळखला तर त्यावर चांगले उपचार आहेत.

रोजच्या जगण्यात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पाण्याचा: उठण्याआधी, अंथरुणावर बसूनच दोन ग्लास. मग पोटऱ्या आवळून-सोडून, पाय खाली सोडून बसून, आणि नंतर उभं राहणं. रांगेत पायावर पाय आडवा टाकून मांड्या घट्ट आवळायच्या, मुठी वळायच्या. तेवढ्याने अंधारी मागे सरते. पलंगाची डोक्याकडची बाजू साधारण सहा इंच उंच करा, म्हणजे पलंगाच्याच त्या बाजूच्या पायांखाली आधार देऊन. नुसत्या उशा वाढवल्या तर मानच दुखते. कमरेपर्यंत येणारे घट्ट मोजे गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांपेक्षा जास्त कामाचे. थोडं थोडं जेवा, फार गरम पाण्याने आंघोळ टाळा. मीठ वाढवायचा सल्ला सर्रास मिळतो, पण मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा आडवं पडल्यावर बीपी चढत असेल, तर तो महागात पडतो; विचारूनच वाढवा. फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि मिडोड्रिन ही बीपी वाढवणारी औषधं आहेत, डॉक्टर ती यानंतरच्या टप्प्यावर देतात. मिडोड्रिन घेऊन लगेच आडवं व्हायचं नसतं, शेवटची गोळी झोपण्याच्या चार तास आधी.

फिजिशियनकडे उत्तर मिळालं नाही तर हृदयरोगतज्ज्ञांकडे टिल्ट टेबल तपासणीबद्दल (टेबलावर झोपवून, टेबल उभं करत बीपी आणि नाडी बघतात ती) विचारा. मात्र व्यायाम करताना किंवा आडवं असताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं, शौचाला काळी झाली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल आणि तुम्हाला चक्कर येऊन पडायला होत असेल, तर आठवडाभराच्या नोंदी करत बसू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.