आभासी संगणकातल्या विंडोज ९८ ला आवाज कसा मिळवावा?

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेच्या कपाटात मराठी बालगीते आणि अंकलिपी असलेली, विंडोज ९८ च्या काळातली एक सीडी-रॉम आहे. ती विंडोज ११ वर चालत नाही, म्हणून लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) घेऊन त्यात विंडोज ९८ सेकंड एडिशन बसवले. सीडीची आयएसओ फाइल (सीडीची एका फाइलीतली प्रत) जोडल्यावर चित्रे दिसतात, पण आवाज मुळीच येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पीसीआय मल्टिमीडिया ऑडिओ डिव्हाइस’ या नोंदीपुढे पिवळे प्रश्नचिन्ह आहे. लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला साउंड ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आत बसत नाही. काय करावे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : लॅपटॉपचा ड्रायव्हर शोधणे प्रथम थांबवावे, कारण त्याचा येथे काहीच उपयोग नाही. आतल्या विंडोज ९८ ला तुमच्या लॅपटॉपमधले खरे साउंड कार्ड दिसतच नाही; व्हर्च्युअलबॉक्स तिच्यापुढे सॉफ्टवेअरने उभे केलेले एक कार्ड ठेवतो, त्या कार्डाकडे आलेला आवाज स्वतः उचलतो आणि बाहेरच्या विंडोज ११ च्या हवाली करतो. म्हणून ड्रायव्हर लागतो तो या आभासी कार्डाचा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये अशी तीन कार्डे आहेत. साउंड ब्लास्टर १६ हे १९९२ चे, इंटेलचा एसी’९७ हा आराखडा १९९७ चा आणि इंटेल एचडी ऑडिओ २००४ चे. विंडोज ९८ ला यांपैकी फक्त पहिले कार्ड उपजत ओळखीचे आहे. एसी’९७ चा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या सीडीत येतो आणि एचडी ऑडिओचा व्हिस्टापासून पुढे. तुमच्याकडे दिसणारी पिवळी नोंद हेच सांगते, की आत्ता नंतरच्या पिढीतले एखादे कार्ड जोडलेले असून विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आभासी यंत्र तयार करताना प्रकार म्हणून ‘विंडोज ९८’ न निवडता दुसरे काही निवडले, तर बहुधा असेच होते.

तेव्हा आतली विंडोज रीतसर बंद करावी (यंत्र चालू किंवा ‘सेव्ह’ केलेल्या स्थितीत असेल तर हा बदल करता येत नाही), सेटिंग्जमधील ‘ऑडिओ’ या पानावर जाऊन कंट्रोलर म्हणून साउंड ब्लास्टर १६ निवडावा आणि ‘ऑडिओ आउटपुट’पुढची खूण आहे ना, तेही पाहून घ्यावे. पुन्हा सुरू केल्यावर पिवळी नोंद नाहीशी होईल, पण तिच्या जागी नवे काहीच दिसणार नाही. येथे पुष्कळजण गोंधळतात. हे कार्ड ‘प्लग अँड प्ले’च्या आधीच्या पद्धतीचे आहे, त्यामुळे ते आपण होऊन विंडोजला हाक देत नाही; ते विंडोजला शोधायला सांगावे लागते. कंट्रोल पॅनेलमधील ‘ॲड न्यू हार्डवेअर’ उघडून पुढे पुढे जावे आणि ‘विंडोजने शोध घ्यावा का’ या प्रश्नाला होकार द्यावा. शोधात कार्ड सापडले नाही, तर पुन्हा तेथेच येऊन नकार द्यावा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’च्या यादीतून क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर १६ ऑर एडब्ल्यूई-३२’ हे नाव स्वतः निवडावे. या टप्प्यावर विंडोज ९८ ची मूळ सीडी मागितली जाते. तिची आयएसओ फाइल आभासी सीडी ड्राइव्हला जोडून ‘विन९८’ हा फोल्डर दाखवावा.

यानंतरही शांतता असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या ‘रिसोर्सेस’ या पानावर नजर टाकावी. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ आणि १६-बिट डीएमए ५, असे चारही आकडे तेथे असायला हवेत. एखादा वेगळा असेल, तर ‘ऑटोमॅटिक सेटिंग्ज’ची खूण काढून तो हाताने बदलावा. घड्याळाशेजारी पिवळा स्पीकर दिसू लागला आणि कंट्रोल पॅनेलच्या ‘साउंड्स’मध्ये एखादा ध्वनी वाजला, की ड्रायव्हरचे काम झाले.

आवाज येतो पण तुटक येतो, अशी तक्रार पुढे येऊ शकते. तसे झाल्यास व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाच्या पट्टीत हिरव्या कासवाचे चिन्ह आहे का ते पाहावे. ते असेल तर विंडोज ११ चे हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची आभासी यंत्रांची व्यवस्था) खाली चालू आहे आणि त्यामुळे आतले यंत्र मंदावले आहे. त्यासाठी ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; पण ती सुरक्षेची सोय आहे आणि शाळेच्या कामाच्या लॅपटॉपवर ती कायमची बंद ठेवणे मला योग्य वाटत नाही.

चित्रांसोबतचे बोलणे ऐकू आले, पण पार्श्वसंगीत गायब राहिले, तर ते संगीत मिडी स्वरूपाचे, म्हणजे ध्वनीऐवजी फक्त सुरांच्या सूचना साठवलेले, असण्याची शक्यता आहे. साउंड ब्लास्टरच्या जुन्या ड्रायव्हरबरोबर अशा सूचनांवरून सूर निर्माण करणारा सॉफ्टवेअर सिंथेसायझर मिळत नाही. अशा वेळी कंट्रोलर पुन्हा एसी’९७ करून रियलटेकचा विंडोज ९८ साठीचा जुना ‘डब्ल्यूडीएम’ ड्रायव्हर बसवणे हा मार्ग उरतो. तो फुकट ड्रायव्हर वाटणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावरून घेऊ नये. जुन्या मदरबोर्डसोबत आलेली सीडी कोणाकडे असेल तर त्यातला घ्यावा.

आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. त्या काळातल्या अनेक सीडींवर पहिला भाग माहितीचा असे आणि गाणी त्यापुढे साध्या ऑडिओ सीडीसारखी स्वतंत्र ट्रॅकमध्ये असत. आयएसओ फाइलमध्ये हे ट्रॅक उतरत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हर कितीही बरोबर असला तरी ती गाणी आत वाजणार नाहीत. मूळ सीडी बाहेरच्या ड्राइव्हमध्ये घालून ऑडिओ सीडी म्हणून वाजते का ते पाहावे. वाजली तर ती बालगीते विंडोज ११ मध्येच ध्वनिफायली म्हणून उतरवून घ्यावीत, म्हणजे निदान गाण्यांसाठी तरी वर्गात विंडोज ९८ सुरू करण्याची गरज पडणार नाही.