होथला अर्धा दिवस पुरेल का?

प्रश्न : मुलगी डब्लिनला जॉबला आहे, जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. तिथून जवळच हाउथ म्हणून जुनं बंदर आहे ते बघायचंय. तिला सुट्टी नाही त्यामुळे आमचं आम्हालाच जायचंय, पण माझे गुडघे दुखतात आणि मिस्टर पक्के शाकाहारी. अर्ध्या दिवसात होईल का?
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : ताई, नक्की जा, पण अख्खा दिवस ठेवा, जूनमध्ये तिकडे रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो त्यामुळे घाई कशाला. आधी नाव सांगते, तिथे होथ म्हणतात. कॉनली स्टेशनवरून डार्ट म्हणजे तिथली लोकल, साधारण अर्धा तास लागतो, मुलीकडून लीप कार्ड म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड पैसे भरून घ्या. फक्त गाडीवर होथच लिहिलंय ना ते बघून चढा, मधे फाटा आहे आणि दुसरी गाडी मॅलाहाइडला जाते, आपलं कर्जत-कसाराचं होतं तसंच.

मी नेरुळची, भावाकडे गेले होते तेव्हा दोनदा जाऊन आले. स्टेशनबाहेर पडलं की बंदर समोरच, आणि पश्चिमेकडच्या धक्क्यावर मासळीची दुकानं, वास अगदी आपल्या दिवाळे कोळीवाड्यासारखा. तिथेच जरा थांबा. बोटींच्या मधून एक काळं गुळगुळीत डोकं वर येतं, मिशांवरून पाणी गळत असतं आणि ते टकामका आपल्याकडेच बघत राहतं, सील! खायला मात्र काही टाकू नका.

हे बंदर १८०७ ला बांधायला घेतलं ते टपालासाठी, समोर वेल्समधल्या होलीहेडहून जहाजं यायची. १८२१ ला राजा चौथा जॉर्ज इथेच उतरला, त्याच्या पावलांचे ठसे धक्क्याच्या दगडात कोरलेत, ते शोधा. पण बंदरात गाळ साचत गेला आणि टपाल गेलं डब्लिनच्या दक्षिणेला डन लीरीला. हे समजलं तेव्हा मला आपली ठाण्याची खाडीच आठवली, इथेही एकेकाळी गलबतं लागायची की. नंतर १९१४ च्या जुलैमध्ये स्वराज्यासाठी उभ्या राहिलेल्या आयरिश स्वयंसेवकांसाठी ९०० रायफली घेऊन असगार्ड नावाची शिडाची बोट याच बंदरात आली, भरदिवसा!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट होथच्या वाड्याची. १५७६ च्या सुमाराला ग्रेस ओमॅली ही समुद्रावर हुकूमत गाजवणारी बाई तिथे आली तर दरवाजा बंद, का तर घरचे जेवायला बसलेत. तिने चिडून त्या घरातल्या वारसालाच उचलून नेलं आणि सोडलं ते या अटीवर की दार उघडं राहील आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज एक पान जास्तीचं मांडलं जाईल. दंतकथा म्हणा, पण ते पान पिढ्यान्‌पिढ्या मांडत आले. २०१९ ला त्या घराण्याने वाडा विकला.

कड्यावरची वाट साधारण ६ किलोमीटरची, चढउताराची, ती तुम्ही करू नका. एच३ नंबरची बस वरती समिटपर्यंत जाते, तिथून थोडंसं चाललं की खाली १८१४ चं बेली दीपगृह दिसतं. छत्री नको, वाऱ्याने उलटी होते, टोपीचं जॅकेट घ्या.

मिस्टरांसाठी चिप्स (तिकडे फ्रेंच फ्राइजना म्हणतात) घेताना कशात तळलेत ते विचाराच, आयर्लंडमध्ये काही ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात. त्यापेक्षा ठेपले न्या आणि धक्क्यावर बसून खा, फक्त डबा उघडताना सीगलकडे लक्ष असू दे, हातातला घास उचलून नेतात.