४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे का? आमचे सर आहे म्हणतात. तिच्यात एवढं विशेष काय?

मूळ नाही. ६४१ × ६७००४१७, करून बघा. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण या आकड्याशी माझं जुनं वैर आहे.

नववीत क्लासच्या सरांनी फळ्यावर ३, ५, १७, २५७, ६५५३७ लिहिलं. २ चा घात १, २, ४, ८, १६ आणि वर १ मिळवायचा. फर्मा हा फ्रेंच गणिती म्हणाला तशा या सगळ्या मूळच येतात, असं ठोकून दिलं. पुढची, २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे हीच तुमची. मी विचारलं, "सर, कुणी भागून बघितलंय का?" "तू फर्मापेक्षा शहाणा का रे?" वर्ग हसला.

दिवाळीच्या सुट्टीत हट्टाने बसलो. बाबांच्या दुकानातला कॅल्क्युलेटर आठ आकडी, त्यात ही मावेना. मग पाठकोरे कागद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ गेला. ७, ११, १३ एकदम उडवायला तिनाचे गट पाडले: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०, तिघांनीही भाग जात नाही. १७ पासून मात्र एकेक मूळ संख्या घेऊन भागत सुटलो. शंभरावर भागाकार फुकट गेले आणि ६४१ ला बाकी शून्य!

सरांना दाखवलं, भागाकार ६७४१७. "गुणून दाखव." फळ्यावर आलं ४३२१४२९७. शेवटचे २९७ जुळले, पण दोन अंक कमी. पुन्हा हशा. घरी येऊन बघतो तर ४४८९ मधून ४४८७ गेले, उरले २. ६ उतरवला, २६, भाग जात नाही, ० द्यायचा. ७ उतरवला, २६७, पुन्हा ०. ती दोन शून्यं मी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून नेलं तर म्हणे, "हे परीक्षेला नाही."

ऑयलर या गणितज्ञाने ही फोड १७३२ सालीच केली होती, हे मला कॉलेजात कळलं. या संख्येचा अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. त्यातल्या मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवाच भागाकार! माझी अख्खी सुट्टी हमालीत गेली, आणि क्लासची फी घेणाऱ्याला हे ठाऊक नसावं?

विशेष म्हणाल तर संगणकाच्या ३२ बिटांत (०-१ च्या ३२ घरांत) मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४२९४९६७२९५. ही तिच्याहून २ ने मोठी, त्यामुळे तिथे कोंबली तर मीटरसारखी मोजणी शून्यावर परतते आणि नुसता १ उरतो. ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६, एवढ्यावरून भाग जातो हे न भागताही सिद्ध होतं. तेवढं तुम्ही करा.

आता सरांच्या बाजूनेही सांगतो. पहिल्या पाच मूळच आहेत. त्यांच्यापुढे आजवर एकही मूळ सापडलेली नाही, पण नाहीच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. तरी तुमच्या सरांना हा भागाकार दाखवाच. फक्त आधी शून्यं मोजून घ्या.