क्यूओएस शिकायला चांगलं साहित्य कुठे मिळेल?

सर्टिफिकेशनचे व्हिडिओ बघूनही क्यूओएस (नेटवर्कवर कोणत्या ट्रॅफिकला आधी सोडायचं ते ठरवणं) डोक्यात शिरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नाहीच शिरणार. तिथे कमांड पाठ करून घेतात, पॅकेटांची रांग नेमकी कुठे लागते ते कोणी दाखवत नाही. आरएफसी २४७५ वाचा (आरएफसी म्हणजे इंटरनेटचं जाहीर तांत्रिक टिपण). १९९८ सालची आहे, फुकट मिळते, डिफसर्व्हची, म्हणजे पॅकेटवर वर्गाची खूण करून त्यानुसार वागवण्याच्या पद्धतीची, मूळ मांडणी तिच्यातच आहे. मग ४५९४ वाचा, कोणत्या ट्रॅफिकला कोणता डीएससीपी (पॅकेटवरच्या त्या खुणेचा आकडा) आणि का, ते तिथे सापडेल.

हे ठासून सांगतोय, कारण आधीच्या नोकरीत नाशिकच्या शाखेतले फोन दुपारी तुटक यायचे. साहेब म्हणाले, लिंक दुप्पट करा. केली. दुपारचा बॅकअप सुरू झाला की आवाज पुन्हा तुटायचा. टीसीपी (बॅकअपचा डेटा वाहणारा प्रोटोकॉल) मिळेल तेवढी जागा भरतो, दहाचे वीस एमबीपीएस केले तर वीस भरतो. मी वायरशार्कने (पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) स्विचच्या दोन्ही बाजूंना पॅकेट पकडले. फोनमधून निघताना डीएससीपी ४६, म्हणजे आवाजाची खूण, पलीकडे शून्य. पोर्टवर ट्रस्टच (आलेली खूण तशीच मान्य करण्याची सेटिंग) लावलेला नव्हता, त्यामुळे आवाज आणि बॅकअप एकाच रांगेत. बॅकअप चालू असतानाच ट्रस्ट लावला, राउटरवर आवाजाला प्रायॉरिटी क्यू (सगळ्यांच्या आधी सुटणारी रांग) दिला, फोन तिथल्या तिथे स्वच्छ झाले. मीटिंगमध्ये श्रेय मात्र नव्या लिंकला! दोन्ही कॅप्चर मेलवर पाठवले होते, कोणी उघडलेही नाहीत.

त्यामुळे ‘बँडविड्थ वाढवा, क्यूओएस कशाला’ म्हणणाऱ्याकडून हा विषय शिकू नका. असे लोक पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख दाखवतात. रांग मिलिसेकंदांत भरते, त्या आलेखात ती दिसतच नाही.

सरावाला दोन-तीन लिनक्स व्हर्च्युअल मशीन पुरेत. मधल्या मशीनवर टीसी (लिनक्सची ट्रॅफिक आवरणारी कमांड) वापरून एचटीबीने (वेगाला मर्यादा घालणारी तिची पद्धत) वेग कमी करा, आयपर्फने (चाचणीचं ट्रॅफिक सोडणारं साधन) लिंक भरा आणि पिंगचा वेळ कसा चढतो ते बघा. मग त्याच एचटीबीखाली एफक्यू-कोडेल (प्रवाहांना वेगळ्या रांगा देऊन त्या लांबू न देणारी पद्धत) लावून पुन्हा बघा. त्याची आरएफसी ८२९०.

डीएससीपीचं मार्किंग आपल्या ताब्यातल्या नेटवर्कवर चालतं, इंटरनेटवर आयएसपी ते पाळेलच असं नाही. प्रायॉरिटी क्यूला मर्यादा घाला, नाहीतर बाकीचं ट्रॅफिक उपाशी मरेल. आणि नुसत्या कॉलनीच लिंक भरत असेल तर ती वाढवावीच लागते. आमच्याकडे एका वेळी फार तर वीस कॉल. जी.७११ (आवाज डिजिटल करण्याची एक पद्धत) चा एक कॉल एका दिशेला आयपी पातळीवर ८० केबीपीएस घेतो, म्हणजे सगळे मिळून १.६ एमबीपीएस. जुनी दहाची लिंक त्याला भरपूर होती.