कॅज्युअल्टीतला ऑटिस्टिक प्रौढ रुग्ण

प्रश्न : मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे. पंचविशीतला ऑटिस्टिक तरुण पोटदुखीने आला. बीपीचा पट्टा बांधू देईना, स्वतःच्या डोक्यात मारून घेत होता. ‘दुखणं दहापैकी किती?’ याला दर वेळी ‘पाच’ हेच उत्तर. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आकड्यापासून नको. पोटातली कळ आकड्यात मांडणं अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना जमत नाही, आणि चेहरा शांत असला तरी दुखणं तीव्र असू शकतं. आधी त्याच्याशीच बोला. बोलत नसला तरी ऐकतो आहे असं धरून चाला. मग सोबतच्यांना विचारा, नेहमीपेक्षा आज काय वेगळं? जेवण, झोप, शौच, लघवी, चाल. मारून घेणं आजच सुरू झालं किंवा वाढलं असेल, तर ते दुखण्याचं लक्षण माना. बद्धकोष्ठ, दाढ, कान, तुंबलेली लघवी, अपेंडिक्स हे तपासल्याशिवाय ‘ऑटिझममुळे करतो’ असं केसपेपरवर लिहू नका. सगळ्यात घातक चूक इथेच होते.

खाट कोपऱ्यातली द्या, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा, मॉनिटरचा आवाज कमी करा (अलार्म बंद मात्र नको). एकीनेच बोलावं. एक वाक्य बोलून मनात १० पर्यंत मोजा. तोच प्रश्न शब्द बदलून विचारला की त्याला नव्याने विचार करावा लागतो. ‘हात वर करता येईल का?’ म्हटलं तर ‘हो’ म्हणून तो तसाच बसेल. ‘उजवा हात वर करा’ असं सांगा.

पट्टा आधी त्याच्या हातात द्या, सोबतच्यांच्या दंडाला बांधून दाखवा, ‘घट्ट होईल, मग सैल होईल’ हे सांगा. तोवर श्वास लांबूनच मोजता येतात. पुसटसा स्पर्श काहींना फार बोचतो. सांगून, स्थिर हात ठेवा. डोलणं, हात झटकणं थांबवू नका. पालथं दाबून धरणं टाळाच, त्यात श्वास कोंडतो. गुंगीचं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलंच, तर ऑक्सिमीटर लावून श्वासांवर सतत नजर ठेवा.

प्रश्न : माझा ऑटिस्टिक भाऊ ३० वर्षांचा आहे. दवाखान्यात त्याची सही कोण करणार?

उत्तर : त्याला समजत असेल तर तोच, चित्रं दाखवून समजावता येतं. १८ वर्षांनंतर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असल्यास नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करा. जिवावरच्या प्रसंगी उपचार मात्र या कागदासाठी थांबत नाहीत. एक पान कायम जवळ ठेवा : औषधं व डोस, फिट्स येतात का, दुखलं की तो काय करतो, कशाने शांत होतो.