तीन वर्षांतच शिकवण्याचा कंटाळा आला. कॉलेजात शिकवताना उद्देश आणि उमेद कुठून आणायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा झाली, तीन वर्षं कॉलेजात शिकवताय, हजेरीपत्रकात साठ नावं आणि बाकांवर चौदा मुलं, 'यात अर्थ काय आणि प्रेरणा कुठून आणायची' असं विचारलंय. विषय सांगितला नाहीत, कायम आहात की तासिकेवर तेही सांगितलं नाहीत. विषय नसला तरी चालेल, पण दुसरी गोष्ट कळायला हवी होती.

कारण मी स्वतः सहा वर्षं सीएचबी, म्हणजे तासिकेवरची नोकरी, केलीय. सकाळी एक कॉलेज, दुपारी एसटीनं दुसरं. पैसे तासाप्रमाणे, तेही बिलं कधी मंजूर होतील तेव्हा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. त्या दिवसांत एका ज्येष्ठ सरांनी मला स्टाफरूममध्ये सांगितलं होतं की अध्यापन हे व्रत असतं. व्रत करायला त्यांना पूर्ण वेतनश्रेणी होती. तेव्हा तुमचा थकवा पगाराचा असेल तर त्याला उद्देशाचा लेप लावत बसू नका. आणखी किती वर्षं थांबायचं याचा आकडा घरात बसून ठरवा आणि तो पाळा. सोडून गेलात तर तुम्ही वाईट शिक्षक होतात असं त्यातून काही सिद्ध होत नाही.

पगार वेळेवर येतो आणि तरीही वर्गाच्या दारात पाय जड होतात, असं असेल तर पुढचं वाचा.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आमच्या वर्गाच्या खिडकीतून ऊस दिसतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढची सगळी गोष्ट त्या उसाचीच आहे.

पहिली काही वर्षं मी बरी शिकवायचे असा माझा समज होता. फळ्यावर आकृत्या सुंदर काढायचे, रंगीत खडू स्वतःच्या पैशानं आणायचे. मग हळूहळू तेच ते व्हायला लागलं. नोट्सची वही पिवळी पडली, मी ती डिक्टेट करायला लागले, मुलंही खूश, कारण लिहायला विचार लागत नाही. त्यातच नॅकचं, म्हणजे कॉलेजांच्या सरकारी मूल्यांकनाचं, वारं आलं. सात निकष, प्रत्येकाची फाइल, प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो, फोटोवर तारीख आणि ठिकाण. झाड लावताना फोटो निघाला की नाही हे झाड जगलं की नाही यापेक्षा महत्त्वाचं झालं, आणि हे वनस्पतिशास्त्राच्या विभागात! त्या वर्षी मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरता भरता राहिले, वय निघून गेलं होतं म्हणून.

'प्रेरणा' म्हणून जे काही आलं ते एका चिठ्ठीतून आलं, आणि ते सुखाचं नव्हतं.

आमची मुलं बहुतेक मराठी माध्यमातली. बारावीपर्यंत सायन्स इंग्रजीतून ढकललेलं, बी.एस्सी.ला सगळंच इंग्रजीत. 'एनी डाउट?' म्हटलं की वर्ग पुतळ्यासारखा. मला वाटायचं, यांना शंकाच नाहीत. खरं असं होतं की शंका मराठीत यायची, ती इंग्रजीत मांडेपर्यंत तास संपायचा, आणि चारचौघांत हसं होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. हे मला नववं वर्ष सुरू असताना कळलं, तेही अपघातानं. घसा बसला होता, बोलता येत नव्हतं, म्हणून शेवटची पाच मिनिटं मुलांना कागदाचे तुकडे देऊन सांगितलं, काय कळलं नाही ते लिहा. नाव नको. मराठीत लिहा, गावच्या भाषेत लिहा.

पहिल्या दिवशी आलं ते असं: 'सगळं समजलं', 'काही नाही', 'मॅडम लवकर बऱ्या व्हा', 'पंखा दुरुस्त करा'. पंख्याचं मी प्राचार्यांना कळवलं. पण पंखा खरंच दुरुस्त झाला, आणि मग चिठ्ठ्यांवर मुलांचा विश्वास बसला असावा. तिसऱ्या की चौथ्या वेळी प्रकाशसंश्लेषणाच्या तासानंतर एक चिठ्ठी आली: 'हे सगळं बरोबर आहे पण उसाचं वजन जमिनीतूनच येतं ना? नाहीतर खत कशाला टाकतात?'

मी ती चिठ्ठी घेऊन बराच वेळ बसले. नऊ वर्षं मी याच मुलांना कार्बन डायऑक्साइड, पाणी, ग्लुकोज, ऑक्सिजन असं समीकरण घोकायला लावत होते. पेपरात ते बरोबर लिहीत होते. आणि मनात प्रत्येकाच्या हेच होतं की झाड माती खाऊन मोठं होतं. म्हणजे नऊ वर्षं मी नेमकं काय शिकवलं?

दुसऱ्या दिवशी वर्गात चिठ्ठी वाचून दाखवली, कुणाची ते न विचारता. हात वर करायला सांगितले: वजन मातीतून येतं असं कुणाला वाटतं? आधी दोन, मग एकमेकांकडे बघत बघत जवळजवळ सगळे. मग मी विचारलं, एकरी ऊस किती निघतो?

"चांगला आला तर पन्नास टन, मॅडम."

"मग दरवर्षी पन्नास टन माती रानातनं कारखान्याला जाते. आजोबांपासून ऊस लावताय. एव्हाना विहीर झाली असती तिथं."

हशा पिकला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "मग काय हवा खातोय व्हय ऊस?"

हेच तर मला हवं होतं. त्यालाच विचारलं, घरी चुलीत चिपाड जाळता ना? भाराभर चिपाड जाळलं की मागं किती राहतं?

"राख. पाटीभर बी न्हाय."

जमिनीतून जे आलं ते एवढंच, त्या राखेतलं. खत टाकायचं ते त्याच्यासाठी. थोडं लागतं, पण त्याच्यावाचून अडतं. (नत्र बिचारं जाळताना धुरात निघून जातं, ते राखेत सापडत नाही, तेही त्यांना सांगितलं, नाहीतर मीच एक नवी चूक पेरली असती.) पन्नास टनातलं दोन तृतीयांशाहून जास्त नुसतं पाणी. उरलेला बहुतेक माल हवेतून आलेला, तोही अशा वायूपासून जो हवेच्या दहा हजार भागांत चार भागच असतो. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. विश्वास बसला नव्हता. तो खिडकीतून उसाकडे अशा नजरेनं बघत होता की जणू शेजाऱ्यानं इतकी वर्षं काहीतरी लपवून ठेवलं होतं.

घरी जाऊन मी व्हॅन हेलमॉन्टचं परत वाचलं. सतराव्या शतकातला हा माणूस. त्यानं कुंडीत वजन केलेली सुमारे 90 किलो कोरडी माती घेतली, विलोचं रोप लावलं, 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 75 किलोंच्या वर गेलं, माती कमी झाली ती फक्त 60 ग्रॅमच्या आसपास. त्यानं निष्कर्ष काढला: झाड पाण्याचंच बनतं. चुकला. आणि गंमत अशी की 'गॅस' हा शब्द त्यानंच दिलेला, लाकूड जळताना निघणाऱ्या वायूचा अभ्यासही त्यानं केला होता, तरी झाडाच्या वजनाचा संशय त्या वायूवर घेतला नाही. इतका मोठा माणूस जिथं अडला, तिथंच आमचा मागच्या बाकावरचा मुलगा अडला होता. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो लाजला.

आणि आणखी एक. सी-फोर मार्ग, म्हणजे उसासारखी झाडं हवेतला कार्बन पकडतात ती रीत, मी दरवर्षी शिकवायचे, हॅच आणि स्लॅक अशी दोन नावं फळ्यावर लिहून. त्यांनी 1966 साली ऑस्ट्रेलियात ते काम केलं ते उसाच्या पानांवर, किरणोत्सारी कार्बन वापरून. त्याच्या आदल्या वर्षी हवाईतल्या ऊस संशोधकांनी त्याची सुरुवात करून दिली होती. उसाच्या! खिडकीबाहेर ऊस, फळ्यावर ऊस, आणि नऊ वर्षांत मी या दोघांची एकदाही ओळख करून दिली नव्हती.

तो मुलगा पुढं शास्त्रज्ञ झाला का? नाही. त्या सत्रात त्याच पेपरात नापास झाला, एटीकेटी लागली, पुढच्या खेपेस सुटला. नंतरचं मला ठाऊक नाही. हे सांगायचं कारण असं की शिक्षकांच्या गोष्टींत शेवटी कुणीतरी कलेक्टर होऊन पाया पडायला येतो, आणि आपल्याकडे कुणी येत नाही म्हटल्यावर आपण स्वतःला कमी समजतो. त्या एका नमस्कारावर नोकरी काढायची म्हटलं तर उपाशी मरायची पाळी येईल. मला टिकवलं ते कुतूहलानं: आज यांच्या डोक्यात नेमकं काय आहे? ही गोष्ट दरवर्षी बदलते, त्यामुळं कंटाळा यायला वाव कमी. तेव्हापासून मी एक वही ठेवलीय, मुलांच्या चुकीच्या उत्तरांची. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखी असतात, चूक मात्र ज्याची त्याची असते. 'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन', ही तर दर वर्षीची वारी. (श्वसन चोवीस तास चालतं, हे सांगूनही पुढच्या पेपरात परत तेच.) पण मधूनच अशी एखादी येते की मलाच पुस्तक काढावं लागतं.

चौदाच मुलं बसतात म्हणता. आमच्याकडेही तेच. रागवायच्या आधी एकदा चौकशी करून बघा. माझ्या दुसऱ्या तासाला एक मुलगी रोज डुलक्या घ्यायची, मी दोनदा बोलले. नंतर कळलं, ती पोलीस भरतीची तयारी करत होती, पहाटे पाचला मैदानावर, 800 मीटरची वेळ सेकंदासेकंदानं कमी करत. माझ्या तासापेक्षा ते तिच्यासाठी मोठं होतं, आणि तिचं बरोबर होतं. त्यानंतर मी तिला खिडकीजवळ बसू दिलं, वारा लागतो. बाकीची न येणारी कुठं असतात तर पंपावर, एमआयडीसीत, नाहीतर चुकलेल्या एसटीच्या मागच्या एसटीत. सगळीच काही तुमच्यावर रुसलेली नसतात. काही रुसलेलीही असतात, ते वेगळं.

तुम्हाला प्रॅक्टिकल असतील तर तिथं जास्त जीव लावा. तासाला मूल इतरांच्या मागं लपू शकतं, सूक्ष्मदर्शकाशी लपता येत नाही. आम्ही कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करतो, पेशीविभाजन बघायला. तीन दिवस आधी कांदा पाण्याच्या ग्लासवर बसवायचा, सकाळी मुळ्या कापायच्या, रंग द्यायचा, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्यानं दाबायचं. निम्म्या मुलांकडून काच फुटते. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना हवेचे बुडबुडे दिसतात आणि ते वहीत मन लावून बुडबुडेच काढतात. पण एखादीला खरोखर गुणसूत्रं दिसतात, सोळाच्या सोळा मोजता येतील इतकी मोकळी पसरलेली, आणि ती काही न बोलता बाजूला सरकून मैत्रिणीला जागा देते. त्या दिवशी मला चहा लागत नाही.

नॅकच्या फाइली मी अजूनही करते. त्यात उद्देश वगैरे शोधत नाही, भांडी घासावीत तशा करते. गुरुवारी दुपारी दोन तास, तेवढेच.

तेव्हा माझा सल्ला म्हणाल तर उद्यापासून शेवटची पाच मिनिटं चिठ्ठ्या. विषय कोणताही असो. पहिला आठवडा पंखेच येतील, दम धरा. आणि आलेल्यातलं एक तरी काम करून दाखवा, पंख्याचं का असेना.

काल आलेली एक चिठ्ठी समोर टेबलावर आहे: 'उसाला तुरा आला की आजोबा म्हणतात आता वजन घटणार, दशी पडणार (ऊस आतून पोकळ होणार). तुऱ्याचा आणि वजनाचा काय संबंध?' उत्तर अर्धं येतंय. उरलेलं बघायला दोन ऊस आणायला सांगितलेत, एक तुऱ्याचा आणि एक बिनतुऱ्याचा. आमच्या ब्लेडनं ते कापले जाणार नाहीत, म्हणून शिपाईमामांना घरून कोयता आणायला सांगून ठेवलंय.