अमेरिकेत मुलांसाठी चांगल्या शाळा असलेला सबर्ब कसा निवडायचा?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की मिस्टरांची बदली होतेय, न्यू जर्सी किंवा डॅलस यातलं एक निवडायचंय, मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा, आणि ओळखीतले सगळे सांगतायत की दहापैकी दहा रेटिंगची शाळा शोधा, तिथेच घर घ्या, बाकी काही बघू नका. मी आधी डॅलसच्या उत्तरेला राहिले आणि आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे, मुलांच्या शाळा दोन्हीकडे झाल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिलं वर्ष भाड्याने राहा, गावाचं नाव बघण्यापेक्षा घराचा नेमका पत्ता तपासा, आणि रेटिंगचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

पत्त्याचं आधी, कारण नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच गोंधळतात. इथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी, बिनफीची शाळा, आणि बहुतेक ठिकाणी ती तुम्ही निवडत नाही, तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. शाळा चालवतं ते स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि त्याची हद्द गावाच्या हद्दीशी जुळेलच असं अजिबात नाही. टेक्सासमधलं, डॅलसच्या उत्तरेचं फ्रिस्को घ्या, आपल्या लोकांमध्ये खूप नाव आहे, पण फ्रिस्को शहरातली सगळी घरं फ्रिस्को आयएसडीत (टेक्सासमध्ये स्कूल डिस्ट्रिक्टला आयएसडी म्हणतात) येत नाहीत, काही शेजारच्या प्रॉस्पर, काही लुइसव्हिल, काही लिटल एल्म डिस्ट्रिक्टमध्ये जातात, आणि उलट प्लेनो आणि मॅकिनी शहरांतली काही घरं फ्रिस्को आयएसडीत आहेत. म्हणजे जाहिरातीत फ्रिस्को लिहिलंय एवढ्यावर काहीच कळत नाही. न्यू जर्सीत तर सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत, एवढ्याशा राज्यात, आणि एका डिस्ट्रिक्टच्या आतही रस्त्या-रस्त्याने शाळा बदलते. एडिसनमध्ये दोन हायस्कूल आहेत, एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स, तुम्ही कुठल्या भागात राहता त्यावरून मुलं कुठे जाणार ते ठरतं.

घरांच्या साइटवर घराखाली शाळांची नावं येतात ती फक्त अंदाजाला वापरा. खात्री करायची तर डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून बघायची सोय बऱ्याचदा असते, नसली तर सरळ ऑफिसला फोन करा, पत्ता सांगा आणि एलिमेंटरी, मिडल आणि हायस्कूल तिन्हींची नावं विचारा. त्याच फोनमध्ये आणखी एक विचारा की पुढच्या एक-दोन वर्षांत हद्दी बदलायचा काही विचार चालू आहे का, कुठली शाळा बंद होणारे का. हा प्रश्न मी मुद्दाम सांगतेय, कारण डॅलसच्या उत्तरेला दोन्ही प्रकार चालू आहेत: प्रॉस्परकडे वस्ती झपाट्याने वाढतेय, नवीन शाळा उघडली की आजूबाजूच्या हद्दी हलतात, आणि तिथून फार लांब नसलेल्या प्लेनो आयएसडीने, जिचं इतकी वर्षं एवढं नाव, मुलं कमी झाल्यामुळे २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला. लोकांनी शाळेसाठी चढ्या भावाने घर घ्यायचं आणि मग शाळाच हलायची, म्हणून मी भाड्याचा आग्रह धरतेय. भाडेकरूच्या मुलाला तीच शाळा मिळते, तोच वर्ग, तेच शिक्षक, यात मालक आणि भाडेकरू असा फरक नसतो.

आता रेटिंग. सगळे जी साइट बघतात ती ग्रेटस्कूल्स, एक ते दहा आकडा, तोच आकडा झिलो आणि रेडफिन या घरांच्या साइटवरही दिसतो. या आकड्यात आता मुलांच्या प्रगतीचा भाग असतो हे खरं, पण परीक्षेच्या मार्कांचं वजन बरंच आहे, आणि परीक्षेचे मार्क घरच्या उत्पन्नाशी आणि आईवडिलांच्या शिक्षणाशी घट्ट बांधलेले असतात. ज्या भागात सगळे डॉक्टर-इंजिनिअर राहतात तिथल्या मुलांना मार्क चांगले पडणारच, त्यात शाळेने किती केलं ते वेगळं काढून बघावं लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक शॉन रिअर्डन यांनी अख्ख्या देशातल्या डिस्ट्रिक्टचा डेटा घेऊन नेमकं हेच केलंय, सरासरी मार्क वेगळे आणि मुलं दरवर्षी किती शिकतात ते वेगळं मांडलंय. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की शिकागोच्या सरकारी शाळांमधली मुलं, ज्यांच्याबद्दल कोणी चांगलं बोलत नाही, तिसरी ते आठवी या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांएवढं शिकत होती. म्हणजे मार्क कमी असलेल्या ठिकाणी शिकवणं उत्तम असू शकतं, आणि मार्क भरपूर असलेल्या ठिकाणी शिकवणं यथातथाच असू शकतं. त्यांचा नकाशा ऑनलाइन आहे, एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी प्रोजेक्ट म्हणून शोधा, फुकट आहे.

न्यू जर्सीत राज्य सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं, त्यात प्रगतीचे आकडे असतात, तेच मी आधी बघते, आणि दुसरं बघते ते क्रॉनिक अॅबसेन्टीइझम, म्हणजे वर्षातले दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती. मुलं शाळेत यायलाच टाळत असतील तर ते मार्कांच्या आधी इथे दिसतं. टेक्सासमध्ये राज्याचं शिक्षण खातं शाळांना ए ते एफ ग्रेड देतं, पण एकूण ग्रेडवर थांबू नका, आत स्कूल प्रोग्रेस असा वेगळा भाग असतो, तो उघडा.

आणि दहापैकी दहाची दुसरी बाजूही तुमच्यापर्यंत पोचायला हवी. न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हे डिस्ट्रिक्ट आपल्या लोकांचं आवडतं, शाळा खरंच चांगल्या आहेत. २०१५ मध्ये तिथले सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचं पत्र लिहिलं, विषय एकच, की मुलांवरचा ताण हाताबाहेर चाललाय. मग हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा काढल्या, काही रात्री होमवर्क नाही असं ठरवलं. त्यावरून पालकांमध्ये उभी फूट पडली, आणि विरोध करणाऱ्यांमध्ये आपल्यासारखे आशियातून आलेले पालक बरेच होते. मी त्या पालकांना वाईट म्हणत नाही, आपण सगळे परीक्षेच्या जोरावर इथपर्यंत आलोय, ती भीती मला आतून कळते. पण सात वर्षांच्या मुलीसाठी शाळा बघताना तिला तिथे दहा वर्षं रोज जायचंय हे लक्षात ठेवा. माझ्या ओळखीतली एक हुशार मुलगी अशाच एका नावाजलेल्या शाळेत कायम स्वतःला मठ्ठ समजत राहिली, पुढे साध्या डिस्ट्रिक्टमध्ये गेल्यावर दोन वर्षांत तिने रोबोटिक्सचा क्लब उभा केला. म्हणून पालकांशी बोलताना ‘शाळा कशी आहे’ असं मोघम विचारू नका, त्याला सगळे ‘छान आहे’ म्हणतात. विचारा की चौथी-पाचवीतल्या मुलाचा शाळेनंतरचा वेळ कसा जातो, वर्गातली किती मुलं गणिताच्या शिकवणीला जातात, मधल्या मार्कांच्या मुलाला क्लबमध्ये किंवा टीममध्ये जागा मिळते का. उत्तरं ऐकल्यावर तुम्हाला आपोआप कळेल.

तुम्ही घराच्या एजंटला विचाराल की हा एरिया फॅमिलीसाठी चांगला आहे का, इथे देसी लोक आहेत का, तर तो विषय बदलेल. त्याला माहीत नसतं असं नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग अॅक्टमुळे वंश, धर्म, मूळ देश यावरून कोणाला कुठल्या भागाकडे ढकलणं किंवा तिकडून वळवणं बेकायदा आहे, त्यामुळे चांगले एजंट या प्रश्नांना उत्तर देत नाहीत, राग मानू नका. १९८८ पासून त्याच कायद्यात मुलं असलेली कुटुंबंही आली, म्हणजे मुलं आहेत म्हणून घर देत नाही असं मालक सहसा म्हणू शकत नाही. याला मोठा अपवाद ५५ प्लस कम्युनिटीचा, म्हणजे पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठीच्या सोसायट्यांचा. न्यू जर्सीत अशा सोसायट्या भरपूर आहेत, चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये एकदम स्वस्त घर दिसलं की आधी वर्णनात ५५ लिहिलंय का ते बघा, तिथे तुम्हाला मुलं घेऊन राहता येणार नाही.

आता बसचं, हे कोणीच सांगत नाही. न्यू जर्सीत आठवीपर्यंत घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल तर बस द्यायची सक्ती आहे, हायस्कूलला अडीच मैल. शाळा दीड मैलावर आहे म्हणून आपण खूश होतो, आणि मग कळतं की बस नाही, रस्त्याला फुटपाथ नाही, आणि रोज सकाळ-दुपार कोणीतरी गाडी काढायची. नवरा-बायको दोघं नोकरीवर असाल तर यानेच घराचं सगळं वेळापत्रक ठरतं. काही डिस्ट्रिक्ट जवळच्या मुलांनाही बस देतात, कधी पैसे घेऊन, तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. शाळा किती वाजता सुटते आणि त्यानंतरच्या आफ्टरकेअरला, म्हणजे मुलं सांभाळायच्या सोयीला, वेटिंग लिस्ट आहे का, हेसुद्धा.

तुमच्या धाकट्याचं वेगळं गणित आहे. किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला, टेक्सासमध्ये १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात, न्यू जर्सीत बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये १ ऑक्टोबरला. वाढदिवस सप्टेंबरच्या मध्यात असेल तर तोच मुलगा एकीकडे या वर्षी शाळेत जाईल आणि दुसरीकडे पुढच्या वर्षी, आणि मधल्या वर्षाच्या डेकेअरचा खर्च चांगलाच असतो. न्यू जर्सीत काही ठिकाणी किंडरगार्टन अर्ध्या दिवसाचं असतं, ते आधी विचारा.

पुढे कधी घर घ्यायचा विचार केलात तर टॅक्स बघा. न्यू जर्सीत सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेलाय, त्यातला साधारण निम्मा शाळांना जातो. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून लोक खूश असतात पण तिथेही प्रॉपर्टी टॅक्स जबर आहे, आणि नवीन वसाहतीत त्यावर मडचा म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा (वसाहतीला पाणी-ड्रेनेज पुरवणाऱ्या संस्थेचा) टॅक्स असू शकतो. पूर येतो का तेही बघा, फेमाचे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याचे, नकाशे पत्ता टाकून फुकट बघता येतात. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाचा पाऊस झाला तेव्हा न्यू जर्सीतली मॅनव्हिलसारखी गावं पाण्याखाली होती, आणि त्या भागातली घरं आजही विक्रीला येतात.

घर बघायला जाल तेव्हा तिथल्या पब्लिक लायब्ररीत एक दुपार बसा, मी कुठल्याही गावाला हेच करते. लहान मुलांचा विभाग भरलेला आहे का, फळ्यावर कुठले कार्यक्रम लावलेत, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात का, शाळा सुटल्यावर मोठी मुलं स्वतः चालत येतात का. मोठी मुलं एकटी चालत येत असतील तर त्या भागात फुटपाथ आहेत, रस्ते ओलांडता येतात आणि पालकांना परिसराचा विश्वास वाटतो, हे तीन निकाल एकदम लागतात. शिवाय तिथे बसलेले पालक गप्पा मारायला तयार असतात, आणि ग्रुपवर जे कोणी लिहीत नाही ते तिथे बोलून जातात.

दोनपैकी कुठलं असं विचाराल तर मुलगा चारचा आहे आणि तुम्हालाही नोकरी करायचीय हे धरून मी न्यू जर्सी म्हणेन, ट्रेनच्या लाइनवरचं मधल्या रेटिंगचं गाव, जिथे चालत शाळा आणि लायब्ररी गाठता येते. मिस्टरांचं ऑफिस प्लेनोच्याच बाजूला असेल तर मात्र डॅलस घ्या, रोजचा प्रवास वाचतो तो वेळ मुलांना मिळतो.

ठरलं की शाळेत नाव घालायला लीज (घराचा भाडेकरार) आणि विजेचं वगैरे बिल, जन्माचा दाखला आणि लसींची नोंद लागते, तेव्हा मुलांच्या डॉक्टरांकडून लसींचं सगळं इंग्रजीत तारखांसकट लिहून आणा, काही ठिकाणी टीबीची टेस्टही मागतात. व्हिसावरून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा प्लायलर खटला आहे. एका फॉर्मवर घरी कुठली भाषा बोलता असं विचारतात. आपल्यातले बरेच जण मूल वेगळ्या वर्गात जाईल या भीतीने इंग्लिश लिहितात. तुम्ही मराठी लिहा, मुलीची छोटी टेस्ट होईल, इंग्लिश चांगलं असेल तर विषय तिथेच संपतो आणि नसेल तर तिला जी मदत मिळते ती इथल्या सरकारी शाळांमधल्या खरोखर चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. ऑफिसचा नेमका पत्ता कळला की इथे खाली लिहा, मी आजूबाजूची डिस्ट्रिक्ट सांगते.